श्वानांच्या आश्रयस्थानाला काय द्यावे?

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावात कुत्र्याला घास घालण्याला कोणी दान म्हणत नाही. रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी सकाळी दारात आलेल्या कुत्र्यापुढे टाकली जाते. कुत्रे गल्लीचे असते, भाकरी चार घरची असते आणि हिशेब कोणीच ठेवत नाही. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा अशाच घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

शहरात हे नाते बदलते. वाहनाच्या धडकेत जायबंदी झालेली, म्हातारपणी मालकाने सोडून दिलेली, खरजेने अंगावरचे केस गेलेली कुत्री आश्रयस्थानात येऊन पडतात आणि त्यांच्या पोटाचा भार अनोळखी माणसांच्या देणग्यांवर येतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मात्र दारातल्या एका धडधाकट कुत्र्याला जे पचते, तेच शंभर आजारी कुत्र्यांपुढे वाढले तर त्याचा उपद्रव होण्याचीच शक्यता अधिक.

महाराष्ट्रात या प्रकारच्या आश्रयाची परंपरा जुनी आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत बक्षिसाच्या लोभाने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा पोलिसांनी लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. हिंदू आणि जैनही त्यांच्यासोबत आले, बाजार बंद झाला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीचा पाव आणि पाणीदेखील अडविले गेले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. या इतिहासातील दंगल सर्वांच्या स्मरणात राहते. तिच्या मागोमाग आलेली आर्थिक व्यवस्था मात्र क्वचितच सांगितली जाते. पांजरापोळीचा खर्च सणासुदीच्या दानधर्मावर सोडलेला नव्हता. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लागा बसवून घेतला होता. थोडे, पण अखंड येत राहणारे हे उत्पन्न होते. आज भुलेश्वरच्या पांजरापोळीत प्रामुख्याने गायी दिसतात. भटक्या कुत्र्यांचे काम १९८५ साली स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्थांकडे आले आहे.

अखंडपणाचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. मध्यम चणीच्या गावठी कुत्र्याला दिवसाला सुमारे पाव किलो कोरडे खाद्य लागते असे धरले, तर शंभर कुत्र्यांना रोज २५ किलो आणि महिन्याला साडेसात क्विंटल खाद्य लागेल. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा दिवाळीच्या दिवशी मोटारीतून उतरणारी बिस्किटांची खोकी या हिशेबात कोठेच बसत नाहीत. बिस्किटात मैदा आणि साखर असते. कुत्रे ते आनंदाने खाते, छायाचित्रही चांगले येते. पोषण म्हणावे तर फारसे नाही. त्याच पैशात तांदळाची कणी, लाल भोपळा, गाजर, अंडी, सोयाबीनच्या वड्या किंवा कोंबडीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे पाय आणि माना आणता येतात. हे सारे मीठ-मसाल्याविना एका पातेल्यात शिजते आणि कित्येक कुत्र्यांचे जेवण होते. मांस शिजविल्यावर हाडे मात्र वेगळी काढावी लागतात. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या चिरफळ्या उडतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

लग्नसमारंभातील उरलेले अन्न आश्रयस्थानात पोहोचविणे ही तर सर्वांत प्रचलित आणि सर्वांत त्रासदायक देणगी होय. रश्शात कांदा-लसूण असतो आणि त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊ लागतात. शिऱ्यातल्या आणि लाडवातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट तर विषच. काही साखरविरहित च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल नावाचे गोडवा आणणारे द्रव्य थोड्या प्रमाणातही घातक ठरते. बुरशी आलेला पाव ‘कुत्र्याला चालेल’ म्हणून बाजूला काढला जातो. त्या बुरशीच्या विषाने कुत्र्याला झटके येऊ शकतात. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूधही पचत नाही. हगवण लागलेली पन्नास कुत्री आणि स्वच्छतेला दोन माणसे, एवढे चित्र डोळ्यांपुढे आणले तरी पुरे.

खाद्याची पोती द्यावयाची असली, तरी संस्थेत रोज कोणते खाद्य वापरले जाते ते आधी विचारून घ्यावे. अन्न अचानक बदलले की कुत्र्याचे पोट बिघडते. निरनिराळ्या कंपन्यांच्या दहा लहान पिशव्यांपेक्षा नेहमीच्या खाद्याचे एक पोते अधिक कामाचे. पिल्लांचे खाद्य वेगळे असते आणि तेच बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अन्नाखेरीज लागणाऱ्या वस्तूंकडे देणगीदारांचे लक्ष कमी जाते. त्या वस्तू अगदीच साध्या असतात : जुन्या चादरी, टॉवेल, गोणपाट, बादल्या, जड बुडाची स्टीलची भांडी, गळपट्टे, कापूस, गॉज, हातमोजे. कालच्या वर्तमानपत्रांची रद्दीदेखील पिल्लांच्या पिंजऱ्यात अंथरण्यास अतिशय उपयोगी पडते. वर्तमानपत्राचा एवढा निर्विवाद उपयोग अन्यत्र क्वचितच होत असेल! कापूस भरलेल्या गाद्या आणि उशा मात्र देऊ नयेत. कुत्री त्या फाडतात, कापूस गिळतात आणि आतडे तुंबते. जुन्या लुगड्यांची घट्ट शिवलेली गोधडी त्याहून कितीतरी बरी. ती धुता येते आणि उन्हात वाळविता येते.

कपड्यांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ज्या घरातील कुत्रे पार्व्हो या रोगाने दगावले आहे, त्या घरची अंथरुणे आश्रयस्थानात मुळीच नेऊ नयेत. हा विषाणू अनेक महिने तग धरतो आणि लस न मिळालेली पिल्ले काही दिवसांत मरतात. नेहमीच्या फिनाइलवर त्याच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. ब्लीचच्या योग्य प्रमाणातील द्रावणाने तो नष्ट होतो. म्हणूनच ब्लीचिंग पावडरचा डबा ही दिसायला रुक्ष देणगी पिल्लांचे जीव वाचविणारी असते.

घरात उरलेली माणसांची औषधे परस्पर देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला अपाय करते. लसही विकत घेऊन पिशवीतून नेण्याची वस्तू नव्हे. ती २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते, तेव्हा तिच्यासाठी पैसे देणे उत्तम. पैसे देताना संस्थेची न्यासनोंदणी पाहावी आणि पावती घ्यावी. प्राप्तिकराची वजावट पात्र संस्थेला दिलेल्या पैशाच्या देणगीवर मिळते, धान्याच्या पोत्यावर नाही.

आश्रयस्थानांवरील भार यापुढे वाढण्याचीच चिन्हे आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ ठिकाणी परत सोडावयाचे असते. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री आश्रयस्थानात हलवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. त्यापूर्वी २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी प्रभागनिहाय जागा ठरविण्यास सांगितले होते. न्यायालयाने हलविण्यास सांगितलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे रोजचे पाव किलो खाद्य आणि वर्षाची लस कोणाला तरी पुरवावी लागणार आहे. पांजरापोळीच्या लाग्याप्रमाणे दरमहा ठरावीक रक्कम देणारे पन्नास जण लाभले, तर संस्थेला धान्य, औषधे आणि माणसांचे पगार यांचा अंदाज आधी बांधता येतो. सणाच्या एका दिवशी येणाऱ्या पाचशे जणांच्या भरवशावर तो बांधता येत नाही.

जवळपास आश्रयस्थान नसलेल्या गावांतही देण्याजोगे पुष्कळ असते. उन्हाळ्यात सावलीत ठेवलेले पाण्याचे कुंडे, पावसाळ्यात जखमेत किडे पडलेल्या कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत नेणारा रिक्षा किंवा टेम्पो आणि सर्वांत आधी रेबीजची लस. माणसांना होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर कुत्र्यांमधील या रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गल्लीत दहा कुत्री असतील तर त्यांपैकी सात. भाकरी घालणाऱ्या हातांना ही कुत्री ओळखत असतात. त्यामुळे लस टोचताना त्यांना धरण्याचे काम त्याच घरांतील माणसांना सर्वांत सोपे जाते.