चित्रांतले आरोपी आणि चित्राबाहेरचे ठेवीदार

कुंभकोणमहून पूर्वेस समुद्राच्या दिशेने निघाले की कारैकाल लागते. तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातील हे बंदर १७३९ साली फ्रेंचांच्या हाती गेले आणि १९५४ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. कावेरीकाठच्या मराठी माणसाला फ्रान्स देश त्यामुळे काहीसा शेजारचा वाटतो. तरीही पॅरिसमध्ये गाजलेल्या पनामा कंपनीच्या खटल्याची चित्रे चाळताना आम्हांस फ्रान्सपेक्षा मद्रास आणि कुंभकोणम यांचीच आठवण अधिक झाली. ती का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुएझ कालवा खोदून कीर्ती मिळवलेल्या फर्डिनांड द लेसेप्स यांनी पनामाची कंपनी काढली आणि १८८९ साली ती बुडाली. सुमारे आठ लाख फ्रेंच लोकांचे पैसे तीत अडकले होते. त्यांत सावकार थोडे, लहानसहान बचत करणारेच फार. कंपनीच्या पैशांतून वृत्तपत्रांनाही वाटा मिळाला होता. कर्जरोख्यांची वाखाणणी करण्यासाठी पॅरिसच्या अनेक पत्रांनी दाम घेतले होते, आणि १८९२ मध्ये लाचलुचपतीचा गवगवा झाल्यावर तीच वृत्तपत्रसृष्टी खटल्याची चित्रे छापून खपू लागली! वृत्तपत्रांच्या इतिहासात असा विरोधाभास काही एकदाच घडला असे नाही, परंतु इतका उघड क्वचितच दिसतो.

त्या काळी न्यायालयात छायाचित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. आत उजेड कमी, काचेवर प्रतिमा उमटण्यास वेळ लागे, आणि मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करावा तर न्यायमूर्तींसमोर धुराचे लोट उठणार. म्हणून चित्रकार कागद-पेन्सिल घेऊन बसत. चेहऱ्याची ठेवण, वकिलाचा वर गेलेला हात, आरोपीचे झुकलेले खांदे एवढे ते घाईने टिपून घेत आणि पुढे ते रेखाटन ठशावर उतरवून छापले जाई. छायाचित्रावरून थेट ठसा करण्याची कला साप्ताहिकांत नुकतीच येऊ लागली होती. चित्रकाराचा हात हाच तेव्हा लोकांचा डोळा होता.

१८९३ च्या आरंभी हा खटला उभा राहिला. सत्त्याऐंशी वर्षांचे वृद्ध फर्डिनांड आजारपणामुळे न्यायालयात आलेच नाहीत. त्यांचे पुत्र चार्ल्स आणि मनोऱ्यामुळे जगास ठाऊक झालेले गुस्ताव आयफेल मात्र हजर होते. फेब्रुवारीत पितापुत्रांस पाच वर्षांची व आयफेल यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाने मुदत टळल्याच्या कारणावरून ती रद्द केली. चार्ल्स यांना लाचेच्या दुसऱ्या खटल्यातही शिक्षा झाली होती, हे येथे नमूद करावयास हवे. रेखाटनांत आरोपी, न्यायाधीश, वकील सारे ओळखू येतात. ज्यांचे पैसे बुडाले ते आठ लाख लोक मात्र प्रेक्षकांच्या गर्दीतील काही पुसट रेघांपलीकडे उरत नाहीत.

आता मद्रासकडे वळू. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी आर्बथनॉट आणि कंपनी या पेढीने दिवाळे जाहीर केले. त्याच सुमारास तिचे लंडनमधील भागीदार पॅट्रिक मॅकफेडयन यांनी आगगाडीखाली जीव दिला. मद्रासच्या ठेवींचा पैसा लंडनच्या सट्ट्यात कसा विरून गेला, हे मग उघड झाले. पेढी आतून पोखरली गेली असतानाही तिने ठेवी स्वीकारणे थांबवले नव्हते. सर जॉर्ज आर्बथनॉट हे मद्रासच्या गोऱ्या समाजातील अग्रगण्य गृहस्थ. गोऱ्या साहेबाची पेढी म्हणजे सरकारच, अशी तेव्हाच्या सामान्य माणसाची समजूत होती. पेन्शनर, विधवा, सरकारी नोकर यांनी त्या समजुतीवरच आयुष्याची पुंजी तेथे ठेवली. सर जॉर्ज यांच्यावर खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ठेवीदारांच्या बाजूने उभे राहिले व्ही. कृष्णस्वामी अय्यर. १८६३ साली जन्मलेले हे वकील तिरुविडैमरुदूरचे. हे गाव कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावर असून, १७९८ साली पदच्युत झालेले तंजावरचे अमरसिंह महाराज तेथेच येऊन राहिले होते. कृष्णस्वामींचे कार्य न्यायालयात संपले नाही. आपल्या लोकांची स्वतःची बँक असावी म्हणून त्यांनी पुढाकार घेतला आणि १९०७ च्या मार्चमध्ये इंडियन बँक स्थापन होऊन १५ ऑगस्टला तिचे कामकाज सुरू झाले.

कुंभकोणमकरांनी तर ही वाट आधीच धरली होती. आर्बथनॉट बुडण्याच्या दोन वर्षे अगोदर, १९०४ च्या ऑक्टोबरात, येथे कुंभकोणम बँक निघाली. ती फार सावध चालीची. गावाबाहेरील पहिली शाखा मन्नारगुडीस उघडण्यास तिने १९३० साल उजाडू दिले! तिचेच नाव १९८७ साली सिटी युनियन बँक झाले. या चालीस कोणी मंद म्हणोत, आम्हांस ती शहाणपणाची वाटते.

पॅरिसच्या खटल्याचा चित्रसंच आहे, तसा मद्रासच्या खटल्याचा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मद्रासची दैनिके तेव्हा मुख्यतः अक्षरांचीच होती. सुब्रह्मण्य भारतींच्या 'इंडिया' साप्ताहिकाने त्याच १९०६ साली तमिळ वाचकांस व्यंगचित्रांची गोडी लावण्यास नुकता आरंभ केला होता. कृष्णस्वामींचा पुतळा मद्रास विद्यापीठाच्या सेनेट हाऊसच्या आवारात आहे. ठेवीदारांचे असे काहीच नाही.

त्यांत आपली माणसे असणारच. माधवराव दिवाणांचे हे जन्मगाव. येथील आणि तंजावरच्या देशस्थ घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी चालत आली आणि नोकरीबरोबर पेन्शनही. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत आर्बथनॉटची ठेवपावती, पत्र किंवा मोडीतील हिशेबाची वही निघाल्यास ती टाकून देऊ नये. मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावी. मोडी वाचणारे लोक आपल्यात अजून आहेत. वही त्याच दिवशी परत मिळेल, नक्कल मात्र आम्ही ठेवून घेऊ.