वाळत्या कपड्यांची कुळकथा

कपडे धुण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. ते वाळवण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. धुणे हे कष्टाचे काम आणि वाळणे ही आपोआप घडणारी गोष्ट, अशी समजूत यामागे असावी. पण पाच किलो सुती कपडे यंत्रात चांगले पिळून काढले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतेच. त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि ती वाफ कोठे तरी जावी लागते. ती कोठे जावी आणि तिला वाट करून देण्याचे कष्ट कोणी घ्यावेत, हा प्रश्न जितका जुना आहे तितकाच आजचा आहे.

बंगळूर शहरात हा प्रश्न फार दिवस कोणाला पडला नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीचे हे पठार. ऊन सौम्य आणि वारा बहुधा खेळता. कोकणातल्यासारखी चार महिन्यांची झोड येथे नाही. परंतु येथे पाऊस दोन्ही वाटांनी येतो. नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस सरता सरता ईशान्येकडचा सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. अशा वेळी दोरीवरचा कपडा धड ओलाही नसतो आणि धड कोरडाही नसतो. त्याला कुबट वास तेवढा येतो.

कपड्यांच्या उद्योगाशी या शहराचे नाते जुने आहे. केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या पेठेत कापसाची अरळेपेठ होती. पुढे मराठी बोलणारे भावसार क्षत्रिय समाजाचे रंगारी व शिंपी कर्नाटकात स्थिरावले, त्यांतली कित्येक घराणी बंगळुरात नांदली. रंगाऱ्याला वाळवण्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. निळीचा रंग तर कुंडात उमटतच नाही. कापड बाहेर काढून वाऱ्यावर धरले म्हणजे हिरवट छटा जाऊन निळाई येते. हवा हा त्याच्या धंद्याचा कच्चा मालच होता म्हणाना!

घरगुती वाळवणीची मराठी रीत याहून वेगळी, आणि फार हुशारीची. जुन्या घरांत आढ्याखाली आडवी दांडी टांगलेली असे. सोवळ्याचे वस्त्र कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीने उचलून तिच्यावर घालीत. हेतू शुचितेचा, परंतु चुलीची ऊब वर चढते, त्यामुळे वस्त्र रात्रीतून कोरडे होई. बाळंतिणीच्या खोलीत याहून तातडीची गरज असे. पावसाळ्यात दुपटी वाळेनाशी झाली की शेगडीवर बांबूची पाटी पालथी घालून तिच्यावर ती पसरीत. हे काम घरातल्या बायकांचे. निखारा फुलला तर दुपटे जळे आणि विझला तर मूल ओल्यात राही, म्हणून कोणी तरी रात्री उठून पाहावे लागे. या जागरणाची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

युरोपातील पहिले वाळवणयंत्र म्हणजे याच पाटीचे भावंड होय. १८०० सालाच्या सुमारास पोशाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने भोके पाडलेले धातूचे पिंप केले. ओले कपडे आत घालून ते विस्तवावर हाताने फिरवीत. कपडे वाळत, परंतु त्यांना धुराचा वास लागे आणि प्रसंगी ते जळतही. १८९२ साली अमेरिकेतील जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने शेगडीजवळ कपडे टांगण्याच्या चौकटीचे एकस्व मिळविले. त्यानंतर नॉर्थ डाकोटा या अतिथंड प्रांतातील रॉस मूर यांनी ही कल्पना पुढे नेली. कडाक्याच्या थंडीत आईला बाहेर धुणे वाळत घालावे लागते, हे पाहून त्यांनी शेतघरापाशी छप्पर उभारून आत शेगडी बसविली. तेथपासून अनेक वर्षे खटपट करीत त्यांनी वायूवर आणि विजेवर चालणारी यंत्रे सिद्ध केली आणि १९३८ च्या सुमारास हॅमिल्टन कंपनीने ती बाजारात आणली. यंत्राचे नाव ठेवले ‘जून डे’, म्हणजे जून महिन्यातला दिवस. तिकडे तो लख्ख उन्हाचा दिवस; आपल्याकडे कपडे वाळेनासे होतात तो नेमका हाच महिना!

या यंत्राचे वर्म उष्णतेत आहे असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे. ऊन, वारा आणि मोकळे आकाश ही तिन्ही कामे त्याला एकट्याने करावी लागतात: हवा तापवायची, कपडे उलटेपालटे करीत तिच्यातून फिरवायचे आणि ओलावलेली हवा बाहेर घालवायची. पहिली दोन लवकर साधली. तिसऱ्यासाठी भिंतीतून नळी काढून वाफ बाहेर सोडणे हा पहिला उपाय. बंगळुरात सदनिकांची दाटी झाली, गच्ची सामाईक झाली, काही गृहसंकुलांनी सज्जात कपडे टांगण्यासही मनाई केली. तेथे नळी काढणार कोठे? ती खोलीतच सोडली तर भिंतींना बुरशी येते. म्हणून वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणारी यंत्रे आली. ती पाणी टाकीत साठवितात, पण खोली तापवितात. १९९७ साली युरोपात उष्णतापंपाचे यंत्र विक्रीस आले. शीतकपाटाच्या तत्त्वावर ते एकीकडे वाफ थिजविते आणि तीच उष्णता दुसरीकडे हवेला परत देते. त्याला वीज निम्म्याच्या आसपास पुरते. स्वित्झर्लंडने २०१२ पासून घरगुती वापरासाठी याखेरीज दुसऱ्या जातीची नवी यंत्रे विकण्यासच बंदी केली.

निवड करणाऱ्याने हा हिशेब समजून घेणे बरे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. तेच पाणी धुलाईयंत्राच्या वेगवान फिरकीने झटकून टाकण्यास त्याचा अल्प अंश पुरतो. तेव्हा चांगली पिळणी हीच वाळवणीची पहिली पायरी. धुणे आणि वाळवणे एकाच पेटीत करणारी यंत्रे जागा वाचवितात, परंतु आठ किलो धुणारे यंत्र एका वेळी पाचच किलो वाळवू शकते, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. शिवाय यांतील काही यंत्रे वाफ थंड करण्यासाठी नळाचे पाणी खर्च करतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्या शहरात लोक टँकरची वाट पाहत बसले, तेथे कपडे कोरडे करण्यासाठी पाणी ओतणे चमत्कारिकच म्हणावे लागेल.

दुरुस्तीचे प्रकरणही पुष्कळदा याच तिसऱ्या कामाशी येऊन थांबते. यंत्र फिरते, तापते, तरी कपडे ओलेच राहतात, अशा वेळी दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो. कपड्यांचे सूक्ष्म तंतू जाळीत साठून ती वाट बुजवितात. जाळी प्रत्येक वेळी आणि थंडावणारा भाग अधूनमधून साफ केला की निम्म्या तक्रारी मिटतात. यंत्र नुसते गुणगुणते पण पिंप फिरत नाही, तेव्हा पट्टा तुटलेला असतो किंवा धारित्र निकामी झालेले असते. धारित्रात वीज बंद केल्यावरही भार उरतो, म्हणून तेथे जाणकाराचाच हात हवा. आच अजिबात येत नसेल तर उष्णतेने वितळणारा फ्यूज गेलेला असतो. तो बदलणे सोपे आहे, पण तो का गेला हे न पाहता बदलणारा कारागीर घराला आगीच्या तोंडी देतो. अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात वर्षाला सुमारे २,९०० घरगुती आगी या यंत्रांतून लागल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण सफाईतील हयगय हे होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात अशाच एका सदोष यंत्रामुळे उंच इमारतीचे अनेक मजले जळाले. आपल्याकडे अभ्यंगाचे पंचे आणि स्वयंपाकघरातली तेलकट फडकी यांची विशेष काळजी घ्यावी. तेल राहिलेले कापड तापून ढिगात पडले तर आपोआप पेटू शकते.

यंत्रापूर्वी बंगळुराचे धुणे तळ्यांच्या आश्रयाने चाले. धोब्याला जसे पाणी हवे तसे पसरायला मैदानही हवे, आणि तळ्याकाठी दोन्ही मिळत. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. पाण्याबरोबर वाळवणीची जागाही गेली, ही हानी सहसा कोणी मोजीत नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर दगडी कुंडांशेजारी आता मोठी धुलाईयंत्रे व वाळवणयंत्रे घरघरतात; बंगळुरातील मल्लेश्वरमच्या घाटावरही यंत्रे आली आहेत.

या यंत्रांच्या विजेचीही एक हकीकत आहे. १९०२ साली शिवनसमुद्र येथे कावेरीवर वीजकेंद्र सुरू झाले आणि तिची वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बंगळुरात रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले ते ५ ऑगस्ट १९०५ रोजी. त्याच कावेरीचे पाणी १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटरांवरून पंपांनी चढवून या शहरात आणले जाते. वाळवणयंत्राच्या टाकीत प्रत्येक खेपेस जे दोन-तीन लिटर पाणी साचते, ते याच चढवून आणलेल्या पाण्यापैकी. त्यात तंतू असतात, ते पिण्याजोगे नव्हे; पण काटकसरी गृहिणी ते मोरीत न ओतता फरशी पुसण्यासाठी बादलीत काढून ठेवतात.