रेकॉर्डच्या डोक्यावरचं वजन

विनाइलचं वेड परत आलंय हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या ऑफिसातच तिघांकडे टर्नटेबल आहेत. आणि टर्नटेबल आलं की दोन-तीन महिन्यांत माणूस क्लॅम्पपाशी येतोच. क्लॅम्प म्हणजे रेकॉर्डच्या मधोमध, स्पिंडलवर बसवायची चकती. एक तर ती स्पिंडलला आवळून बसते, नाहीतर नुसत्या वजनानं दाबते. वाकलेली रेकॉर्ड सपाट बसावी, घसरू नये, एवढाच हेतू. किमती बघून मी आधी तिचा इतिहास वाचायला घेतला, तो फुकट असतो :)

तर हा क्लॅम्प म्हणजे हाय-फायवाल्यांचा नवा चोचला नव्हे. एमिल बर्लिनरच्या १८९० च्या दशकातल्या ग्रामोफोनवरही तबकडी आवळायला स्क्रूची चकती असायची. साउंडबॉक्स जड, सुई पोलादी. तिच्या ओढीनं तबकडी अडायची आणि खालचं ताट नुसतंच फिरत राहायचं. त्यात पहिल्या तबकड्या कडक रबराच्या, त्या धड सपाट राहत नसत. १८९५ च्या सुमारास लाखेचं मिश्रण आलं (लाख बरीचशी आपल्याच जंगलांतली, बरं का!). तबकड्या जाड आणि ताठ झाल्या, क्लॅम्पची गरज संपली. एडिसननं तर १९१२ मध्ये पाव इंच जाडीची डायमंड डिस्क काढली. ती वाकवून दाखवा! पण जाडी म्हणजे माल, आणि माल म्हणजे पैसा.

१९४८ मध्ये कोलंबियानं विनाइलची एलपी आणली. हलकी, न फुटणारी, पण मऊ. खरं तर क्लॅम्प तेव्हाच परत यायला हवा होता. तो आला नाही, कारण घरोघरी ऑटोचेंजर होते. उंच दांड्यावर पाच-सहा रेकॉर्ड अडकवायच्या, एक संपली की वरची आपोआप खाली पडणार. तिथे क्लॅम्प लावणार कुठे? उलट एकीची रेघ दुसरीवर घासू नये म्हणून रेकॉर्डची कड आणि मधलं लेबल मुद्दाम जाड करायला लागले. म्हणजे आपण जिला सपाट समजतो ती एलपी मुळात सपाट नसतेच. पुढे १९६९ मध्ये आरसीएनं पातळ डायनाफ्लेक्स काढली, १९७३ मध्ये तेल महागलं, रेकॉर्ड आणखी हलक्या झाल्या. मग सत्तरीच्या उत्तरार्धात, ऑटोचेंजर मागे पडल्यावर, चांगल्या टर्नटेबलांवर क्लॅम्प परतला. काही कंपन्यांनी तर पंप लावून रेकॉर्ड खालून ओढून धरायची सोय केली. मास्टर कापायच्या मशीनवर ही युक्ती आधीपासून होतीच.

असो. आता आमच्या घरची गोष्ट. जालन्याला मस्तगडात मामांचं जुनं घर आहे. वरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांच्या एलपी ट्रंकेत तिरक्या ठेवलेल्या असायच्या. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, पत्र्याखाली काय होत असेल ते बघा. विनाइल वितळायला लागत नाही, तिरकं टेकून आणि तापून वर्षानुवर्षं हळूहळू बसत जातं. त्यातली भीमसेन जोशींची एक एलपी मामांची लाडकी. नेमकी तिचीच कड पापडासारखी झाली.

एलपी बाहेरून आत वाजते. म्हणजे कड गेली की सुरुवात गेली, आणि ख्यालाच्या सुरुवातीला असते ती शांत आलापी. ढोल-ताशा असता तर खपलं असतं.

मी आकडेमोड केली (सवय!). बाहेरच्या रेघेत सुई सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर चालते. ५ सेंटीमीटरची एक लाट असेल तर सेकंदाला दहा हेलकावे. आणि टोनआर्म व कार्ट्रिज यांची स्वतःची थरथर ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असावी असं मानतात. नेमक्या तालात झोपाळ्याला धक्का! पूर्ण रेकॉर्ड छत्रीसारखी फुगली असेल तर सुई बिचारी निवांत वरखाली होते, आणि क्लॅम्प बरा करतो तो मुख्यतः हाच सौम्य आजार. बशीसारखी असेल तर लेबलखाली छोटा वॉशर घालून मग आवळायचं, म्हणजे कडा खाली येतात. कडेच्या छोट्या लाटांना मधलं वजन पोचतच नाही. तिथे बाहेरून बसणारी जड रिंग किंवा तो पंप हवा, आणि त्यांच्या किमतीत जुनी स्कूटर येते.

जालना पोलादाचं गाव, लेथची कमी नाही. एका ओळखीच्या कारागिराकडून पितळी वजन करून घेतलं. मधला फुगवटा बसला. कड तशीच राहिली, सुई पहिल्या मिनिटात तीनदा उडाली. मी पुन्हा सुई उचलायला गेलो तर मामा म्हणाले, "अरे, दोन बोटं आत ठेव की. त्याच्या आधीचं मला पाठ आहे."