सीताफळ खरोखर सीतेचे? (थ्रेड)

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुरंदर आणि बालाघाटच्या डोंगरांतून सीताफळांच्या पाट्या बाजारात उतरू लागतात. वनवासात सीतेने हे फळ खाल्ले, म्हणून ते सीताफळ, अशी लोककथा आहे. जोडीला रामफळ आहे, लक्ष्मणफळ आहे. एवढा परिवार नावानिशी हजर असताना फळ परदेशी कसे म्हणायचे, असा प्रश्न हमखास विचारला जातो.

ही तिन्ही फळे ‘अनोना’ या एकाच प्रजातीतील. तिच्या बहुतेक जाती उष्णकटिबंधीय अमेरिकेत आढळतात, थोड्या आफ्रिकेत. ‘अनोन’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. लिनियसने 1753 मध्ये त्याला लॅटिन वळण दिले. लॅटिनमध्ये ‘अनोना’ म्हणजे वर्षाचे धान्य. म्हणजे नाव अमेरिकेचे, पेहराव रोमचा!

तरीही वाद उभा राहिला, आणि तो लोककथेमुळे नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1879 मध्ये भारहुत स्तूपावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील शिल्पांत त्यांना सीताफळ दिसले. कोलंबस 1492 चा, वास्को द गामा 1498 चा. मग हे फळ त्यापूर्वी दीड हजार वर्षे मध्य भारतातील दगडावर कसे आले? आक्षेप लगेच आले. खवल्यांचे गोल फळ म्हणजे फणस असू शकतो, कदंबाचे फूल किंवा कमळाची कळीही असू शकते. शिल्पकार वनस्पतिशास्त्राचा तक्ता काढत नव्हता, नक्षी कोरत होता. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1883 च्या ग्रंथात पुरावे तोलून अमेरिकेच्याच बाजूने कौल दिला.

नावाचा पुरावा तर त्याहून निसरडा. दिल्लीकडे ‘सीताफल’ म्हणजे लाल भोपळा, आणि तोही मूळचा अमेरिकेचाच! उलट बंगालीत सीताफळाला ‘आता’ आणि रामफळाला ‘नोना’ म्हणतात. पोर्तुगीजांच्या ‘आता’ आणि ‘अनोना’ या शब्दांची ती सरळ खूण. मराठीने अननसाचे परके नाव जवळपास जसेच्या तसे ठेवले. सीताफळाचे मात्र बारसे नव्याने केले.

या झाडाचा स्वभावही दिशाभूल करणारा. कातळात, मुरमाड उतारावर ते आपोआप रुजते, कडवट पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे काही पिढ्यांतच ते अस्सल रानझाड वाटू लागते. गडाच्या पडक्या तटावर उगवलेले सीताफळ तटाइतकेच जुने आहे, हा समज अनेकांनी करून घेतला आहे.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण 2009 मध्ये ‘रेडिओकार्बन’ या नियतकालिकात भारतीय संशोधकांनी उत्तर प्रदेशातील टोकवा येथील उत्खननात मिळालेली जळकी बी सीताफळाची असल्याचे मांडले. तिचे आणि सोबतच्या कोळशाचे कालमापन कोलंबसाच्या कितीतरी आधीचे निघाले. शिल्पापेक्षा हा पुरावा निश्चितच वजनदार आहे. मात्र अशा मोजक्या बियांवर महासागर ओलांडणाऱ्या प्राचीन प्रवासांचा सिद्धांत उभा करणे घाईचे ठरेल. बीची ओळख पक्की आहे का, आणि इतर स्थळांच्या तितक्याच जुन्या थरांत अशा बिया मिळतात का, या दोन प्रश्नांपाशी हा वाद आज येऊन थांबतो. नावातल्या सीतेची साक्ष त्यात कामाची नाही.