रंगशाळेपासून पेशीभित्तिकेपर्यंत

प्रस्तुत निबंधाचा विषय शाळेच्या स्मृतिव्याख्यानास प्रथमदर्शनी काहीसा विजोड वाटेल. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील प्रथिने ओळखण्यासाठी वापरले जाणारे रासायनिक रंग हा विज्ञानाचा प्रांत, आणि मी जन्मभर मराठीचे अध्यापन केलेला माणूस. तथापि या रंगांचा मागोवा घेत गेले, की वाट प्रयोगशाळेतून निघून थेट रंगाऱ्याच्या हौदापाशी येऊन पोहोचते. पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची भाकर कापडाच्या धंद्यावर अवलंबून आहे. त्यामुळे हा इतिहास परका नाही. तो आपल्या दाराशीच आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करू. संस्कृत ‘नील’ हा शब्द फारसी-अरबीच्या वाटेने पोर्तुगीजांकडे गेला आणि ‘अनिल’ झाला. नीळ तापवून जो द्रव मिळाला, त्याला १८४० च्या सुमारास याच शब्दावरून ‘ॲनिलीन’ हे नाव मिळाले. पुढे १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने अशुद्ध ॲनिलीनवर प्रयोग करताना अकस्मात जांभळा रंग मिळवला, आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. आपल्या शेतांतील नीळ, आल, मंजिष्ठ व कुसुंबा यांची सद्दी ज्या उद्योगाने संपुष्टात आणली, त्याच्या मूळ द्रव्याच्या नावात आपलाच शब्द दडलेला आहे, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

रंग आणि धागा यांचे नाते प्रत्येक रंगारी अनुभवाने जाणतो. लोकर व रेशीम आम्लयुक्त पाण्यात काही रंग झटकन ओढून घेतात. तेच रंग सुतावर टिकत नाहीत. याचे कारण असे, की लोकर व रेशीम ही प्रथिने आहेत आणि सूत म्हणजे सेल्युलोज. आम्लात प्रथिनावर धनभार येतो, ऋणभार असलेला रंगाचा रेणू त्याकडे खेचला जातो. सेल्युलोजवर असा भार येत नाही. आल किंवा मंजिष्ठ सुतावर पक्की बसावी म्हणून आपले रंगारी तुरटीची मदत घेत. जर्मनीत १८८४ मध्ये पेटंट घेतलेला ‘काँगो रेड’ हा अशा मदतीवाचून सुतावर बसणारा पहिला कृत्रिम रंग होय. आफ्रिकेच्या वाटणीची बर्लिन परिषद त्याच वर्षी भरली होती, आणि काँगोचे नाव सर्वतोमुखी होते. इंग्रज फौजांनी १८९६ मध्ये अशांती राज्याची राजधानी कुमासी ताब्यात घेतली. तिचे नावही लोकरीच्या रंगांवर ‘कूमासी’ म्हणून छापले गेले. पराभूतांची गावे अशी रंगांच्या डब्यांवर आली.

आता पेशीभित्तिकेकडे वळू. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हूक याचा सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाच्या पातळ कापात त्याला जे कप्पे दिसले, त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. वस्तुतः त्याने पाहिल्या त्या मृत पेशींच्या भिंतीच होत. ही भिंत मुख्यतः सेल्युलोज, पेक्टिन यांसारख्या शर्करामय पदार्थांची असते. प्रथिनांचा वाटा थोडा. डेरेक लॅम्पोर्ट व नॉर्थकोट यांनी १९६० मध्ये त्या भिंतीत हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल दाखवून दिले. प्राण्यांच्या त्वचेत व स्नायुबंधांत विपुल असणारे हे द्रव्य वनस्पतीच्या भिंतीत सापडल्यावर ती निर्जीव तटबंदी आहे, ही समजूत ढासळू लागली.

पण थोडी प्रथिने पुष्कळ सेल्युलोजमधून निवडावी कशी? येथे रंगाऱ्याचे जुने ज्ञान कामी आले. लोकरीवर बसणारा कूमासी निळा प्रथिनावरही बसणारच! १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो प्रथिने दृश्य करण्यासाठी वापरला. १९७६ मध्ये मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी प्रथिनांशी जुळताच तांबूस रंगाचा निळा होणाऱ्या याच द्रव्यावरून प्रथिनांचे मापन करण्याची पद्धत दिली. ती आजही प्रयोगशाळांतून नित्य वापरली जाते. तरीही काही प्रथिने निसटतात. अरबिनोगॅलॅक्टन प्रथिनांभोवती शर्करांचे इतके दाट आवरण असते, की कूमासी तेथे नीट पोहोचत नाही. त्यांच्यासाठी उपयोगी पडला तो १९६२ मध्ये योसेफ यारीव व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या अभ्यासासाठी सिद्ध केलेला तांबडा ॲझो रंग. ‘यारीव द्रव्य’ या प्रथिनांना पकडून त्यांचा तांबडा साका खाली बसवते.

या इतिहासाची काळी बाजू सांगितली पाहिजे. काँगो रेड ज्यापासून बनतो, त्या बेंझिडीनमुळे रंगकारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर बंदी आली ती १९९० च्या दशकात. संशोधकाने तो रंग थेंबाने वापरला; कामगाराने तो वर्षानुवर्षे श्वासावाटे व त्वचेवाटे घेतला. डब्यावरचे इशारे ज्या भाषेत असतात, ती त्याला वाचता येत होती काय, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला टाळता येत नाही.

हाच प्रश्न सुरतेच्या एका सुपुत्राने ओळखला होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये येथे झाला. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर चाफेकर बंधूंनी १८९६ मध्ये डांबर फासले, तो डाग घालवणारे रसायनज्ञ म्हणून त्यांचे नाव गाजले. पण त्यांचे खरे कार्य निराळे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उभे राहिले, त्याचे ते प्रवर्तक. रंगविद्येला वाहिलेले ‘रंगरहस्य’ हे नियतकालिकही त्यांनी चालविले. कारागिराच्या मुलाला रसायनशास्त्र त्याच्या मातृभाषेत मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके यांनीही कलाभवनात शिक्षण घेतले, हे मराठी वाचकास आवर्जून सांगावेसे वाटते.

पांडेसरा व सचिन येथील डाईंग मिलमध्ये काम करणारा पिता रंगाचा स्वभाव हाताने जाणतो. त्याची मुलगी तोच स्वभाव सूत्रांतून शिकते. दोघांचे ज्ञान एकच आहे, पण त्यांना जोडणारे शब्द आपण जपलेले नाहीत. या शाळेतील विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून रंगकामातील शब्द विचारून घ्यावेत, त्यांचे अर्थ लिहून काढावेत आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांशेजारी रसायनशास्त्रातील संज्ञा मांडाव्यात, एवढीच माझी सूचना आहे. असा एक छोटासा कोश येथे तयार झाला, तर गज्जरांच्या गावी त्यांचे अपुरे काम पुढे गेले असे मी समजेन.