परदेशात बालसेवेसाठी जाण्यापूर्वी…

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर हवे होते. सेनापती झू द यांनी तशी विनंती पंडित नेहरूंना केली होती आणि राष्ट्रीय काँग्रेसने हे वैद्यकीय पथक धाडले. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव घराघरांत पोहोचले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे मात्र आज नागपुरातही फारसे कुणाला ठाऊक नसते. परदेशी सेवेसाठी जाण्याची विदर्भाची परंपरा अशी जुनी आहे. त्या पथकाची एक गोष्ट आजही उपयोगी पडावी अशी आहे. मागणी चीनची होती आणि जाणाऱ्यांजवळ नेमके तेच कौशल्य होते.

आज पदवीनंतरचे एखादे वर्ष, नोकरीतील दीर्घ रजा किंवा निवृत्तीनंतरचा काळ परदेशातील मुलांसाठी द्यावा, अशी इच्छा अनेकांना होते. इंटरनेटवर अर्ज भरला, पैसे भरले की आठवडाभरात नेपाळ, कंबोडिया किंवा पूर्व आफ्रिकेत ‘जागा’ मिळू शकते. मात्र जागा मिळणे आणि मुलांच्या उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीच्या संस्थेची निवड झाल्यास स्वयंसेवकाचे पैसे जातात, मुलांचे नुकसान त्याहून मोठे असते. त्यामुळे तयारीची सुरुवात बॅग भरण्यापासून न होता संस्थेची पारख करण्यापासून व्हायला हवी.

संस्थांचे प्रकार

मुलांसाठी काम करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना दीर्घ इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीला तोंड देणाऱ्या मुलांसाठी एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची स्थापना केली. युनिसेफ १९४६ मध्ये अस्तित्वात आली. ऑस्ट्रियात १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘एसओएस बालग्राम’ चळवळीने निराधार मुलांना कुटुंबासारख्या छोट्या घरांत वाढविण्याची पद्धत रूढ केली. अशा संस्थांचे बहुतांश काम त्या त्या देशातील प्रशिक्षित कर्मचारीच करतात. परदेशी व्यक्तीची गरज भासते ती विशिष्ट कौशल्यासाठी. परिचारिका, पोषणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, पाणीपुरवठा अभियंता, लेखापाल ही त्याची काही उदाहरणे.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला. युनिसेफसह संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांना तो स्वयंसेवक पुरवितो. परदेशी नेमणुकांत १८ ते २६ वर्षे वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. तज्ज्ञ स्वयंसेवकासाठी वयाची किमान अट २७ वर्षे असून किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. निवड झालेल्यांना निर्वाह भत्ता व विमा मिळतो. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली ‘व्हीएसओ’ ही संस्थाही व्यावसायिक अनुभव असलेल्यांना प्राधान्य देत आली आहे.

याउलट अनेक खासगी कंपन्या स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेतात. शुल्क आकारणे हा काही गुन्हा नव्हे. निवास, भोजन व प्रशिक्षणाचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. मात्र पैसे भरताच कोणतीही पात्रता न तपासता मुलांमध्ये प्रवेश मिळत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. आपल्याला विनाचौकशी आत घेणारी संस्था इतरांनाही तशीच घेत असणार, हे उघड आहे.

अनाथालयांविषयी सावध असावे

परदेशी सेवा म्हटली की पहिले चित्र अनाथालयाचे उभे राहते. सर्वाधिक सावधगिरी तेथेच हवी. नेपाळ व कंबोडियातील पाहण्यांतून असे दिसून आले की, बालगृहांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असतात. शिक्षणाचे आमिष दाखवून दलाल ही मुले दुर्गम खेड्यांतून आणतात. पर्यटकांच्या वाटेवर बालगृहे उभी राहतात आणि देणग्या व स्वयंसेवकांचे शुल्क हेच त्यांचे उत्पन्न ठरते. मुले जितकी अधिक व जितकी दीनवाणी, तितके उत्पन्न अधिक, असे हे उलटे गणित आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराची दखल घेतली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला.

दुसरा प्रश्न मनाचा आहे. संस्थेतील लहान मूल अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर पटकन येऊन बसते, त्याचा हात सोडत नाही. पाहुण्याला ते प्रेम वाटते. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने ती बहुधा स्थिर आधार न मिळाल्याची खूण असते. तीन आठवडे लळा लावून निघून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यागणिक ताटातुटीचा तोच अनुभव मुलाला पुन्हा घ्यावा लागतो. म्हणूनच अल्प मुदतीच्या स्वयंसेवकाने मुलांच्या थेट संगोपनात पडू नये, असे जाणकार सांगतात. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, शाळेतील सहायक काम, क्रीडा शिबिर, हिशेब किंवा बांधकाम यांत त्याचा अधिक उपयोग होतो.

अर्ज करण्यापूर्वी संस्थेला पुढील प्रश्न लेखी विचारावेत. संस्था त्या देशात नोंदणीकृत आहे काय? मुलांना कुटुंबात परत पाठविण्यासाठी तिचा कार्यक्रम आहे काय? लेखी बालसुरक्षा धोरण व आचारसंहिता आहे काय? स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी मागितली जाते काय? नियोजित काम स्थानिक व्यक्तीला पगार देऊन करून घेणे शक्य नाही काय? स्वयंसेवक परतल्यावर ते काम कोण पुढे नेणार? चांगल्या संस्थेला हे प्रश्न खटकत नाहीत. ज्या संस्थेकडून उत्तराऐवजी केवळ हसऱ्या मुलांची छायाचित्रे येतात, तिच्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

आधी नागपुरात अनुभव

मुलांमध्ये काम करण्याचा पहिला अनुभव परदेशात घेऊ नये. किमान सहा महिने, आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, आपल्याच शहरात काम करून पाहावे. नागपुरात त्यासाठी वाव आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाने प्रसूतिसेवेपासून गतिमंद मुलांच्या शिक्षणापर्यंत आणि समाजकार्य महाविद्यालयापर्यंत काम विस्तारले. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने वस्त्यांमधील मुलांना फुटबॉलद्वारे एकत्र आणले. बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेपर्यंत तेथील खेळाडू पोहोचले आणि २०१६ मध्ये फिफाने या संस्थेचा गौरव केला. अशा संस्थांकडे चौकशी केल्यास कामाचे खरे स्वरूप कळते. रोजचा कंटाळा, नोंदवह्या, न ऐकणारी मुले आणि हळूहळू होणारा बदल यांची ओळख येथेच झालेली बरी.

विदर्भातील काही अनुभव परदेशात थेट कामी येतात. सिकलसेल हा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही तो मुलांच्या जिवावर उठतो. सिकलसेलचे रुग्ण हाताळलेली नागपूरची परिचारिका तेथील बालरुग्ण कक्षात नवखी ठरणार नाही. मेळघाटात कुपोषणाचे काम पाहिलेल्या कार्यकर्त्याला दंडघेराची पट्टी परिचित असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष धारणीत आणि आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात सारखाच लागू होतो.

भाषेची तयारीही येथूनच करता येते. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने मराठी माणसाला तिचे वाचन लवकर जमते. पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली आणि पश्चिम आफ्रिकेतील बऱ्याच देशांसाठी फ्रेंच उपयोगी पडते. मुले इंग्रजीत रडत नाहीत, हे ध्यानात ठेवून निदान ‘दुखते’, ‘भूक’, ‘भीती’, ‘थांब’ एवढे शब्द तरी आधी शिकून घ्यावेत.

कागदपत्रे

विदर्भातील जिल्ह्यांसाठी नागपूरचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे. पासपोर्ट असल्यास त्याची मुदत तपासावी. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक असावेत, अशी अनेक देशांची अट असते. मुलांसोबत काम करण्यासाठी पोलीस पडताळणी प्रमाणपत्र जवळपास अनिवार्य समजावे. ते पासपोर्ट कार्यालयामार्फतच मिळते आणि पोलिसांचा अहवाल येण्यास वेळ लागू शकत असल्याने अर्ज लवकर करावा.

शैक्षणिक प्रमाणपत्रांसाठी काही देश ‘अपोस्टील’ मागतात. परराष्ट्र मंत्रालयाकडून होणारे हे प्रमाणीकरण हेग कराराच्या सदस्य देशांत ग्राह्य धरले जाते आणि भारतात ते २००५ पासून लागू आहे. त्यापूर्वी राज्य पातळीवरील पडताळणी करावी लागते, त्यामुळे या कामासाठी काही आठवडे हाताशी ठेवावेत.

व्हिसाच्या बाबतीत गफलत नको. पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही अनेक देशांत बेकायदा ठरते. ‘सगळे असेच येतात’ असे एखादी संस्था सांगत असेल, तर दंड किंवा हद्दपारीची वेळ स्वयंसेवकावर येईल, संस्थेवर नाही, हे लक्षात ठेवावे. नेपाळला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. परंतु त्याचा अर्थ तेथील बालगृहात परवानगीविना काम करता येते, असा होत नाही.

आरोग्य व विमा

निघण्यापूर्वी किमान दोन महिने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धनुर्वात, विषमज्वर, कावीळ अ व ब, तसेच गोवर यांच्या लसींची स्थिती तपासावी. गोवराची लस स्वतःइतकीच तेथील मुलांसाठीही महत्त्वाची आहे. क्षयरोगाची तपासणीही त्याच कारणासाठी करावी. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य आहे. पीतज्वरग्रस्त देशांतून हे प्रमाणपत्र नसताना परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या देशानुसार बदलतात, त्या मनाने घेऊ नयेत. विमा घेताना गंभीर आजारात दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलविण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे ना, हे पाहावे.

मुलांसोबत वागण्याचे नियम

बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांत संमत झाली आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. मुलाचे हित सर्वप्रथम, हे तिचे सूत्र आहे. व्यवहारात त्याचे काही साधे नियम होतात. बंद खोलीत मुलासोबत एकटे थांबू नये. एकाच मुलाला भेटवस्तू किंवा पैसे देऊ नयेत. पुन्हा येण्याचे, शिक्षणाचा खर्च करण्याचे किंवा दत्तक घेण्याचे आश्वासन देऊ नये. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्याने संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. जी गोष्ट नागपुरातील मुलाबाबत गुन्हा ठरते, ती नैरोबीतील मुलाबाबत करावीशी का वाटते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. अत्याचाराचा संशय आल्यास स्वतः चौकशी करत न बसता संस्थेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला तत्काळ कळवावे. अर्थात, हा अधिकारी कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेले असावे.

जाणे, न जाणे आणि परतणे

विमानभाडे, व्हिसा, विमा, लसी व निवास यांचा एकत्रित हिशेब मांडून तेवढ्याच रकमेत स्थानिक शिक्षिकेचे किती महिन्यांचे वेतन भागले असते, याचीही तुलना करावी. हा विचार निरुत्साही करणारा वाटला, तरी टाळू नये. काहींच्या बाबतीत उत्तर ‘जावे’ असेच येईल. ज्यांचे ‘न जावे’ असे येईल, त्यांच्यासाठी घरबसल्या भाषांतर, हिशेब, संकेतस्थळ किंवा आराखड्यांची मदत करण्याचा मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रांचा ऑनलाइन स्वयंसेवेचा उपक्रम २००० सालापासून चालू आहे.

जाणाऱ्यांनी घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, संपर्काची वेळ ठरवून घ्यावी आणि भारतीय दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. कामाच्या पहिल्या दिवसापासून हस्तांतराची तयारी ठेवावी. शिकविलेले धडे, केलेल्या नोंदी, वापरलेली पद्धत हे सारे स्थानिक सहकाऱ्याच्या हाती राहिले पाहिजे. स्वयंसेवक निघून गेल्यावर मुलांच्या दिनक्रमात खंड पडला नाही, तर काम नीट झाले असे समजावे. आणि परतल्यावर तोच अनुभव घेऊन आठवड्यातील तो ठरलेला दिवस नागपुरातील मुलांसाठी पुन्हा सुरू करता येतोच.