अंगणातली पाटी

पुणेरी पाट्यांवर आपल्याकडे एवढं लिहून झालंय की त्यांची नव्याने ओळख करून द्यायला नको. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, फाटकासमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल, वगैरे. या पाट्या वाचून हसताना एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. फाटक माझं, भिंत माझी, मग पाटीवर काय लिहायचं ते मीच ठरवणार!

अमेरिकेत मात्र ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. इथे स्वतःच्या अंगणात पाटी रोवायची तर आधी गावाचे नियम वाचावे लागतात. कुठल्या भागात घरं बांधायची, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे ठरवणाऱ्या नियमांना 'झोनिंग' म्हणतात. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी असे नियम केले आणि १९२६ मध्ये ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. या झोनिंगच्या पुस्तकात बहुतेक गावांत पाट्यांचं एक वेगळं प्रकरण असतं. पाटी किती चौरस फुटांची, किती उंच, रस्त्यापासून किती लांब, दिवे लावायचे की नाही, किती दिवस ठेवायची, सगळं त्यात असतं. प्रत्येक गाव आपलं पुस्तक आपण लिहितं, त्यामुळे हद्दीची पाटी ओलांडली की पाट्यांचे नियमही बदलतात.

आपल्याकडे चौकाचौकांत विजेच्या खांबांवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे जे फ्लेक्स लटकतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. तो सार्वजनिक जागेचा प्रश्न. इथे प्रश्न खाजगी जागेचा आहे, आणि तो वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. गेल्या शंभर वर्षांत तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा गेला आहे.

सुरुवात झाली मोठ्या जाहिरात फलकांपासून. शिकागोने नियम केला होता की ज्या रस्त्यावर निम्म्या इमारती राहत्या घरांच्या आहेत, तिथे बारा चौरस फुटांपेक्षा मोठा फलक लावायचा असेल तर तिथल्या बहुसंख्य मालकांची लेखी संमती हवी. थॉमस क्युसॅक या जाहिरात कंपनीने त्याला आव्हान दिलं. गावाने साक्षीपुरावा आणला की फलकांच्या मागे कचरा साठतो, त्याला आग लागते, आडोशाला नको ते धंदे चालतात आणि चोर दबा धरून बसतात. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. गंमत म्हणजे फलकावर काय लिहिलंय हा मुद्दाच त्यात नव्हता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, पण ती राज्यांना आणि गावांनाही बांधील धरायला न्यायालयाने सुरुवात केली ती १९२५ पासून. तोवर फलक म्हणजे फक्त लाकूड, पत्रा आणि आडोसा.

पुढे कचरा आणि चोर ही कारणं मागे पडली आणि 'सौंदर्य' हे कारण पुढे आलं. १९५४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शहर आरोग्यपूर्ण असावं तसं सुंदरही असावं असं सरकारला वाटलं तर त्यात गैर काही नाही. ऐकायला छानच आहे. पण सुंदर काय ते ठरवणार कोण?

या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कजवळच्या राय या गावातल्या स्टोव्हर दांपत्याने आपल्या अंगणात मागितलं, तेही पाटी न लावता. गावाचे कर फार वाढले म्हणून त्यांनी १९५६ मध्ये घरापुढे, रस्त्याच्या बाजूला, एक दोरी बांधली आणि तिच्यावर जुने कपडे आणि चिंध्या वाळत घातल्या. कर कमी झाले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरी दोरी आली. असं करत १९६१ पर्यंत सहा दोऱ्या झाल्या! शेवटी गावाने नियमच केला की रस्त्याला लागून असलेल्या अंगणात परवानगीशिवाय कपडे वाळत घालायचे नाहीत. स्टोव्हर यांनी परवानगी मागितली, ती मिळाली नाही. चिंध्या तशाच राहिल्या आणि त्यांना शिक्षा झाली. १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ती कायम केली. नियम चिंध्यांच्या दिसण्याबद्दल आहे, त्यामागच्या मताबद्दल नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या भाषेत ते ठीक असेल, पण ज्या नियमाचा जन्मच एका घरातल्या निषेधानंतर झाला, त्याला मताशी काही देणंघेणं नाही हे पटवून घ्यायला जरा जड जातं.

आता जो खटला सांगतो तो या सगळ्यांत अवघड आहे, कारण त्यात गावाचा हेतू खरोखरच चांगला होता.

न्यू जर्सीतलं विलिंगबोरो हे गाव लेव्हिट या बिल्डरने १९५० च्या दशकाच्या अखेरीला वसवायला घेतलं. सुरुवातीला काळ्या कुटुंबांना तिथे घर विकत मिळत नव्हतं. बिल्डरने ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलं आणि १९६० मध्ये तो हरला. मग काळी कुटुंबं येऊ लागली. १९७० मध्ये गावात गोरेतर लोकसंख्या ११.७ टक्के होती, १९७३ मध्ये ती १८.२ टक्के झाली. तेवढ्यात गोऱ्या कुटुंबांत कुजबुज सुरू झाली की आता घरांच्या किमती कोसळणार. एकाच्या अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी लागली की शेजारी घाबरतो, तोही पाटी लावतो, आणि गल्ली बघता बघता रिकामी होते. अमेरिकेतल्या अनेक शहरांत हे घडलेलं होतं. विलिंगबोरोला गाव मिश्र ठेवायचं होतं. म्हणून १९७४ मध्ये गावाने घरांवर 'विकणे आहे' आणि 'विकले' अशा पाट्या लावायला बंदी केली.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये निकाल लागला तो गावाच्या विरुद्ध, एकमताने. निकाल लिहिला न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी. हे मार्शल म्हणजे शाळांमधला वर्णभेद संपवणारा १९५४ चा 'ब्राऊन' खटला वकील म्हणून जिंकलेले, आणि सर्वोच्च न्यायालयात बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. मिश्र वस्तीचं महत्त्व त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं आणि निकालात ते त्यांनी मान्यही केलं आहे. पण त्यांचा मुद्दा असा की गावाला पाटीचा आकार किंवा जागा खुपत नव्हती. इतर पाट्या तशाच चालू होत्या. गावाला खुपत होती ती बातमी. ती कळली तर लोक चुकीचा निर्णय घेतील, म्हणून ती कळूच द्यायची नाही, हे सरकारचं काम नव्हे. लोक घाबरत असतील तर गावाने त्यांना खरे आकडे सांगावेत, किती कुटुंबं इथेच राहताहेत ते जाहीर करावं. शिवाय गाव सोडून जाण्याची लाट या पाट्यांमुळे आली होती, हेही गावाला सिद्ध करता आलं नव्हतं.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. वाईट हेतूने केलेली बंदी मोडायला फारसा विचार लागत नाही. ज्या हेतूसाठी आपण आयुष्यभर लढलो त्याच हेतूने केलेली बंदी मोडायला मात्र मार्शल यांच्यासारखा माणूस लागतो.

पुढची गोष्ट मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या लाडू या उपनगरातली. (हो, नाव खरंच तसं वाचता येतं!) हे श्रीमंतांचं, झाडाझुडपांचं टुमदार गाव. सद्दाम हुसेनने कुवेत घेतलं होतं आणि अमेरिका युद्धाच्या तयारीत होती. ८ डिसेंबर १९९० रोजी मार्गारेट गिलिओ या बाईंनी आपल्या अंगणात दोन फूट बाय तीन फुटांची पाटी लावली. आखातातल्या युद्धाला नाही म्हणा, काँग्रेसला आत्ताच फोन करा, असा तिचा मजकूर. ती पाटी नाहीशी झाली. त्यांनी दुसरी लावली, ती कोणीतरी पाडली. पोलिसांत गेल्यावर कळलं की लाडूमध्ये अशा पाट्यांना बंदीच आहे. गावाकडे खास परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्या न्यायालयात गेल्या आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, तर गावाने जुना नियम रद्द करून नवा केला. नव्या नियमात घराच्या नावाची पाटी चालत होती, 'विकणे आहे' चालत होती, धोक्याची सूचना चालत होती. युद्धाबद्दलचं मत चालत नव्हतं. गिलिओबाईंनी मग वरच्या मजल्याच्या खिडकीत टाइपाच्या कागदाएवढी, साडेआठ बाय अकरा इंचांची पाटी लावली: आखातात शांतता हवी. नव्या नियमात तेवढंसुद्धा बसत नव्हतं.

१९९४ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गिलिओबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी. त्यांची कारणं अगदी घरगुती आहेत. एक म्हणजे अंगणातल्या पाटीइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला पैसे लागतात, पत्रकं वाटायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे पाटी कुठे लागली आहे यावरून ती कोणाची ते कळतं आणि त्यामुळे तिचा अर्थ बदलतो. शांततेची मागणी करणारी पाटी निवृत्त सेनापतीच्या अंगणात दिसली तर माणूस थबकेल, दहा वर्षांच्या मुलाच्या खिडकीत दिसली तर थबकणार नाही. आणि गावाला पाट्यांचा उकिरडा होण्याची भीती असेल तर ती फाजील आहे, कारण आपलं घर बरं दिसावं, त्याची किंमत टिकावी हे घरमालकालाच सर्वांत जास्त वाटतं.

इथपर्यंत आल्यावर एक सूत्र हाती लागतं. पालिकेच्या हातात फूटपट्टी असायला हरकत नाही. पाटीची लांबी, रुंदी, उंची मोजा, दिव्यांवर बंधन घाला. पण मजकूर वाचून ही चालेल आणि ती चालणार नाही असं म्हणू नका. २०१५ मध्ये अॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या खटल्यात हे सूत्र आणखी ताणलं गेलं. तिथे एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. रविवारची प्रार्थना कुठे ते सांगायला त्यांचे लोक रस्त्याकडेला पाट्या लावत. गावाच्या पुस्तकात वैचारिक मताची पाटी वीस चौरस फुटांची चाले, तिला मुदत नव्हती. राजकीय पाटी घराच्या आवारात सोळा चौरस फुटांची चाले. कार्यक्रमाचा रस्ता दाखवणारी मात्र फक्त सहा चौरस फुटांची, आणि ती कार्यक्रमाच्या बारा तास आधीपासून तो संपल्यावर एक तासापर्यंतच. न्यायालयाने हा सगळा कोष्टकच मोडीत काढला. मजकूर पाहून वर्ग पाडले की गावाचा हेतू निर्मळ असला तरी नियम संशयास्पद, असं न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलं. न्यायमूर्ती केगन यांना निकाल मान्य होता, कारणं मान्य नव्हती. पुढे घराचा दडलेला रस्ता आहे असं सांगणाऱ्या पाटीला सवलत देणारे साधे, शहाणे नियमही यात भरडले जातील, ही त्यांची काळजी रास्त होती. २०२२ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहराच्या खटल्यात न्यायालयाने थोडी माघार घेतली. पाटी ज्या जागी आहे तिथल्याच धंद्याची की दुसरीकडच्या, एवढं बघायला ती वाचावी लागली तरी चालेल, असा सहा विरुद्ध तीन निकाल दिला. म्हणजे फूटपट्टीबरोबर आता नकाशाही चालतो.

एक गोम मात्र राहते. घटना बांधते ती सरकारला. इथल्या नव्या वसाहतींत घर घेतलं की घरमालक संघटनेचं सदस्यत्व गळ्यात पडतं, आपल्या सोसायटीसारखंच, फक्त नियम दसपट. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका संघटनेचे पाट्यांचे नियम उचलून धरले. तिथे प्रत्येक खिडकीत एक आणि घराला लागून फुलझाडांत एक, एवढ्या पाट्या चालत होत्या. २०१२ मध्ये वासिम खान या रहिवाशाचा खटला त्याच न्यायालयात आला. खान गावाच्या कौन्सिलची निवडणूक लढवत होते आणि स्वतःच्या घराच्या खिडकीत आणि दारावर स्वतःच्याच प्रचाराची पाटी लावायला संघटनेने त्यांना बंदी केली होती. तिथे चालत होती ती फक्त 'विकणे आहे' ही पाटी! न्यायालयाने बंदी मोडली. ज्या राज्यात विलिंगबोरोने 'विकणे आहे' एवढंच लिहू नका म्हटलं होतं, तिथेच चाळीसेक वर्षांनी एका वसाहतीत तेवढंच लिहायची मुभा उरली होती.

असो. कायदा पालिकेला रोखतो, कुठे कुठे संघटनेलाही रोखतो. गिलिओबाईंची पहिली पाटी मात्र पालिकेने काढली नव्हती, ती नुसतीच नाहीशी झाली होती. निवडणुकीच्या हंगामात मी फिरायला जातो तेव्हा गल्लीतल्या पाट्या मोजण्याची मला सवय लागली आहे. आपल्या देशी मंडळींच्या अंगणात त्या फार क्वचित दिसतात. व्हिसावर राहणाऱ्याला इथे मत देता येत नाही, पण मत मांडता येतं, निदान पुस्तकात तरी. तरीही पाटी रोवण्याआधी तो शेजारी काय म्हणतील, ऑफिसात कोणाला कळेल आणि पुढच्या वेळी विमानतळावर कोण काय विचारेल, याचा हिशेब करतो. बहुतेक वेळा तो हिरवळ कापून घरात जातो.